ऐकणारी पेटी

"पेटी घ्यायची झाली ना, तर तिला बोलायला लावून बघू नको गो. ऐकायला लाव. बोलायला काय, भोंगापण बोलतो. लांबचं, बारीक ऐकते ती खरी पेटी."

हे सांगणारा माणूस जाऊन सात वर्षं झाली होती. गिरजेच्या कानात मात्र तो आवाज जसाच्या तसा होता. जरा घोगरा, शेवटचा शब्द ओढणारा. पलटणीत पंधरा वर्षं बिनतारी संदेशाचं काम करून आलेला तिचा नवरा किन्हवलीच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं टेबल मांडून बसला होता. आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या सहज तो तिला पेट्यांच्या गोष्टी सांगायचा. ती भाकरी थापता थापता हूं हूं करायची. ते हूं हूं एक दिवस आपल्याच अंगावर येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आता ते आलं होतं. धर्मादाय दवाखान्याच्या ओसरीवर, बाकड्यावर दोन बिनतारी पेट्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि डॉक्टरसाहेब म्हणत होते, "गिरजाताई, तुमच्या घरात या विद्येचा माणूस होता. दवाखान्यात बसवायची पेटी तुम्हीच निवडा."

गिरजा त्या दवाखान्यात नर्स होती, दवाखान्याच्याच मागच्या खोलीत राहायची. नाडी बघताना तिचा हात कधी थरथरला नव्हता. पण त्या सकाळी पेट्यांना हात लावायला ती पुढे होईना. कारण पेट्यांकडे बघताना तिला पेट्या दिसतच नव्हत्या. तिला दिसत होती उंबरपाड्याची भिमी.

उंबरपाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली पंचवीस घरं. आभाळ मोकळं असलं की तिथून लांबवर सिद्धगडाचं टोक दिसतं. किन्हवलीहून गाडी वहाळापर्यंत जाते, त्या ओढ्यावर पायी जाण्यापुरता लाकडी साकव आहे, आणि साकवापलीकडे पाऊण तासाची उभी चढण. दोन वर्षांपूर्वी, सत्त्याण्णवच्या आषाढात, भिमीचं बाळंतपण अडलं. पाड्यावरच्यांनी तिला डोलीत घालून साकवापर्यंत आणलं आणि जीपची वाट बघत बसले. जीप आली नाही, कारण जीपला कुणी सांगितलंच नव्हतं. निरोप घेऊन निघालेला माणूस चिखलात घसरून, पाय मोडून वाटेतच पडला होता. फार उशिरानं निरोप लागून गिरजा पोचली तेव्हा भिमीत चार श्वास उरले होते. तिनं आपल्या थोरल्या लेकीचा, रुपालीचा, हात गिरजेच्या हातात दिला आणि म्हणाली, "हिची येळ आली का तूं ये."

"येते," गिरजा म्हणाली होती. एवढंच.

त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी दोन वर्षं खेटे घालून परवान्याचे कागद मिळवले. एक छोटी पेटी पाड्यावर लखमाच्या घरी बसली, एक जीपमध्ये. दवाखान्यातली, सगळ्यांचं ऐकणारी मोठी पेटी तेवढी राहिली होती. आणि रुपालीचं लग्न होऊन, तिला त्याच पाड्यावर दिवस गेले होते.

पेट्या घेऊन कल्याणहून रितेश नावाचा विक्रेता आला होता. त्यातली एक पेटी चांदीच्या ताटासारखी झळकत होती. काट्यांच्या दोन तबकड्या, हिरवे-तांबडे दिवे, टेबलावर उभा राहणारा माईक. दुसरी काळी, कोपऱ्याला चेपलेली, चार स्क्रूंपैकी एक वेगळाच.

"बोलायलाच नको," भगीरथ म्हणाला. भगीरथ दवाखान्याचा कंपाउंडर आणि जीपचा ड्रायव्हरही. पन्नाशीचा, तोंडाळ, मनानं सरळ. "पेटी कशी नवरीसारखी दिसाया पायजे. ती काळी म्हंजे आमच्या म्हशीचं थोबाड."

"तुझी म्हैस दूध देते ना रे?" गिरजा हळूच म्हणाली.

"देते की, पन बघाया कोन येत नाय."

रितेश हसला. "बाई, चांदीवाली घ्या. लाइटीवर चालते, आवाज असा खणखणीत. बोलून तर बघा."

"बोलायचं नाही," गिरजा म्हणाली. "भगीरथभाऊ, तुम्ही जीप घेऊन खिंडीपलीकडं जा. बरोबर सव्वाअकराला माईकचा खटका दाबा आणि नखानं तीनदा टिचकी मारा. तोंडानं काही नको. पाच मिनिटांनी परत तीनदा."

भगीरथ कपाळाला हात लावून गेला. सव्वाअकराला चांदीच्या पेटीतून समुद्रासारखी गाज येत राहिली. गिरजेनं डोळे मिटले, खरखर कापायचं बटण पार मागे नेलं. गाजच गाज. मग तिनं तीच एरियलची तार काढून काळ्या पेटीला लावायला सांगितली. काळीची खरखर कोरडी होती, भात पाखडल्यासारखी. आणि त्या पाखडण्यातून, लांबून, पोपडा निघावा तसं आलं: टिक. टिक. टिक.

गिरजेनं डोळे उघडले.

"ही," ती म्हणाली. "आणि ही जीपच्या जुन्या बॅटरीवर चालेल ना?"

"चालेल." रितेशनं मान खाजवली. माणूस प्रामाणिक होता. "पण सांगून ठेवतो, बाई. हिचे कान चांगले आहेत. बोलायची बाजू एकदा जळाली होती, विजेनं. दुरुस्त केलेली आहे. तुम्ही बोलून न बघता घेताय, उद्या मला बोल लावू नका."

गिरजेनं तरीही बोलून बघितलं नाही. डॉक्टरसाहेबांनी भुवया उंचावल्या, पण काळीच बसली. भगीरथनं नंतर बोलून बघितलं, तर पाड्यापर्यंत आवाज गेला. रितेशचं वाक्य मात्र गिरजेच्या मनात सुईसारखं राहिलं.

पहिल्याच महिन्यात एक वाईट गोष्ट घडली. जवळच्या खडीच्या खाणीवरच्या लोकांकडेही अशाच पेट्या होत्या. लखमानं एका म्हाताऱ्याच्या तापाचं सांगायला हाक मारली, "दवाखाना, दवाखाना," आणि खाणीवरच्या कुणा टवाळानं आवाज बदलून उत्तर दिलं, "हां, मी डॉक्टर बोलतोय. जीप निघाली, या घेऊन." पाड्यावरचे लोक म्हाताऱ्याला घेऊन साकवावर आले आणि अर्धा दिवस भिजत बसले. म्हातारा वाचला, पण लखमा दुसऱ्या दिवशी तणतणत दवाखान्यात आला.

"असा नाय चालायचा, डाक्टर. तुमच्या पेटीला नाव ठेवा. मानूस नाव घेऊन बोलल तं आमी बोलू, नाय तं नाय."

"कुठलं नाव ठेवायचं?"

लखमानं गिरजेकडे बघितलं. "ह्यांच्या मालकाचा ठेवा. देवजीभाऊनी माझा रेडिवो तीनदा सुधारून दिला, एकदा पन चहाबिगर धाडला नाय. आन दुसरा म्हंजे, मेलेल्या मानसाचा नाव घेऊन कोन खोटा बोलत नाय. खाणीवरचा बी नाय बोलनार. जीभ झडल त्याची."

सगळ्यांना पटलं. डॉक्टरसाहेबांनी टाळी वाजवली, भगीरथनं खडूनं पेटीच्या वर भिंतीवर ते नाव लिहिलं. त्या दिवसापासून सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला भगीरथ खटका दाबून मोठ्यानं म्हणायचा, "देवजी बोलतोय, देवजी. उंबरपाडा, बोला." आणि शेजारच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत बसलेल्या गिरजेच्या हातातली पट्टी सुटून घरंगळत जायची.

"ताई, तुमीपन बोला की एकदा," भगीरथ म्हणायचा. "मी नसलो तर?"

"माझा आवाज बारीक. माझं ऐकू नाही जायचं."

गल्लीतली बारकी, देवजीची चुलतआत्या लागणारी, सत्तरीची म्हातारी, गुडघ्याला तेल मागायला यायची. ती तोंड सोडून बोलायची. "आवाज बारीक कसला? नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते ती! लगनात पन घेतलं ते पुटपुटून, फक्त देवाला आयकू गेलं. आता कुनाचं आयुष्य कमी व्हायचं ऱ्हायलंय गो, गिरजे?"

गिरजा हसून घ्यायची. तिला वाटायचं, हसून घेतलं म्हणजे पुढचं कुणी विचारणार नाही.

कारण लाज नव्हती ती. भय होतं.

सात वर्षांपूर्वी, श्रावणातच, गावाजवळच्या वहाळाच्या फरशीपुलावरून घोट्याएवढं पाणी वाहत असताना तो पलीकडून येत होता. डोक्यावर कुणाचा तरी रेडिओ, मेणकापडात बांधलेला. गिरजा अलीकडच्या काठावर उभी होती आणि तिनं वरून येणारा लोंढा बघितला. तांबडं, ओंडके घेऊन येणारं पाणी. "अहो!" ती ओरडली. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. "अहो! अहो!" आणि मग जे सव्वीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं, मोठ्यानं, उघडं. ते त्याला ऐकू गेलं. तो चालायचा थांबला. नवल वाटून, हसून, तो तिच्याकडे बघत उभा राहिला. फक्त तेवढाच वेळ. चालत राहिला असता तर काठ दोन पावलांवर होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज पहाटे आंघोळ करून, पोथीचा अध्याय वाचून, हात जोडताना ती देवाला एकच सांगायची: ते नाव परत माझ्या तोंडी येऊ देऊ नको. जीभ माझी, पण तिची राखण तुझी.

आणि त्याच जिभेसमोर आता माईक टांगलेला होता.

रुपालीला आठवा लागला तेव्हा ती साकव टाळून, वहाळाच्या उगमावरून फिरून येणाऱ्या वरच्या वाटेनं तपासायला आली. वीस वर्षांची पोर, डोळे भिमीचे. जाताना तिनं गिरजेचं बोट धरलं. "मावशी, मला त्या साकवावं नाय जायाचा. आई तितं..."

"तू नको येऊ. मी येईन," गिरजा म्हणाली. "पेटीत हाक मार, मी येईन."

"शप्पथ?"

"शपथ कशाला? येते म्हटलं ना."

श्रावणातला तिसरा शनिवार होता. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. रात्री जवळच कुठेतरी वीज पडली होती आणि पहाटेपासून गावाची लाइट गेली होती. डॉक्टरसाहेब ठाण्याला अडकलेले. भगीरथ सातची हाक आटोपून, औषधं आणायला जीप घेऊन शहापूरला गेला होता. सापगावच्या पुलावर पाणी आलं तर दुपारशिवाय येणार नाही, असं सांगून.

नऊच्या सुमाराला कमळू दूधवाला अंगठ्याला पट्टी बांधून घ्यायला आला. बसल्या बसल्या म्हणाला, "साकव गेला, बाई."

"कुठला?"

"उंबरपाड्याचा. मधलाच भाग गेला. अलीकडून दिसतं, पन पलीकडून बघाल तर झाडीत अख्खा वाटतो. वरून पाणी जातंय ना. पाय टाकला का संपला."

कमळू गेला. गिरजेचा उपास होता. तिनं शेंगदाणे भिजत घातले होते, ते तसेच राहिले. पाच वाजता भगीरथ पाड्यावर सांगेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दहा वाजलेही नव्हते, तरी खोलीत दिवा लावावा असा काळोख होता.

आणि भात पाखडल्यासारख्या खरखरीतून आवाज आला.

"देवजी, देवजी. आरं देवजी, कोन हाये का? रुपालीला कळा लागल्यात. आंगावरनं पाणी गेलाय. देवजी!"

लखमाचा आवाज होता. एरवी पेटीशी बोलताना तो गावच्या पाटलासारखा रुबाबात बोलायचा. आज आवाजाला चिरा पडल्या होत्या.

गिरजा धावली. माईक हातात घेतला, खटका दाबला. तांबडा दिवा लागला. "ऐकतेय, लखमादादा, बोला. मी ऐकतेय."

खटका सोडला. खरखर.

"देवजी, देवजी. कोन हाये का?"

"मी आहे! बोला! तिला उतरवू नका!"

खरखर. मग पुन्हा, "देवजी, देवजी."

तिला रितेशचं वाक्य आठवलं. बोलायची बाजू. विजेनं जळालेली बोलायची बाजू. रात्रीची वीज. ही ऐकते, पण हिला बोलता येत नाही. आणि ही मी निवडली. सगळे चांदीची घ्या म्हणत होते, आणि मी माझ्या घरातल्या माणसाच्या शब्दावर, बोलून न बघता, मुकी पेटी निवडली. चांदीची पेटी आज लाइटीविना मेलेलीच असती, हे तेव्हा तिला सुचलं नाही. तिनं बॅटरीचे चिमटे घट्ट केले. एरियलची तार ओढून बघितली. खिडकीतून वर बघितलं. लोखंडी नळीवर एरियल उभी होती, पावसात हलत. सगळं जागच्या जागी. तांबडा दिवाही लागत होता.

"देवजी. आयकू येत नाय तुमाला. आमी डोली बांदली. निगतो साकवाकडं. जीप धाडा."

"नको!" ती माईकमध्ये ओरडली, तरी आवाज कुजबुजीपेक्षा फार मोठा झाला नाही. "साकव गेलाय! मी गिरजा बोलतेय, नर्स गिरजा! उतरू नका!"

खटका सोडला, आणि या वेळी वेगळंच काहीतरी ऐकू आलं. लखमाची एक खोड होती. बोलून झालं तरी त्याचं बोट खटक्यावरून उठायचं नाही. त्याच्या घरातलं बोलणं तसंच पेटीतून येऊ लागलं.

"कोन बाई बोलतेय मगाधरनं," लखमा कुणाला तरी सांगत होता. "साकव साकव करतेय. उतरू नका म्हनते."

"नर्सबाई आसल रं!" ही रुपालीची सासू रखमी, लखमाच्या घरातलीच.

"नर्सबाई कंदी बोलली का पेटीत? भगीरथभाऊच बोलतो. ही खाणीवरची आसल कोन तरी. त्या टायमाला तो 'मी डाक्टर' म्हनला, आज ही 'मी नर्स' म्हनते. नाव घेत नाय तवर माझा इश्वास नाय. तेव्हा आयकून म्हातारा भिजवला, आज आयकून पोरीला घरात कुजवू? चला, उचला रं."

मागून एक कण्हणं आलं. बाईचं, दातांत दाबलेलं. खट्. खटका सुटला.

पेटी मुकी नव्हती. पेटी बोलत होती आणि ऐकतही होती. निवड चुकली नव्हती. हे कळल्यावर गिरजेला हायसं वाटायला हवं होतं; वाटलं नाही. इतका वेळ दोष पेटीवर ढकलता येत होता. आता मध्ये उभं होतं ते एकच नाव.

बारकीला हाक मारावी? बारकी बेधडक घेईल. पण बारकीचं घर गल्लीच्या टोकाला, तिचे गुडघे धरलेले. ती येईपर्यंत डोली अंगण ओलांडून उताराला लागेल, आणि उतारावर पेटी नसते. लखमाची पेटी घरातच राहणार. एकदा ते चार खांदे दाराबाहेर पडले, की मग साकवापर्यंत कुणाचीच हाक पोचणार नाही.

तिनं खटक्यावर अंगठा ठेवला. ओठ उघडले. आतून काही येईना. डोळ्यांसमोर तांबडं पाणी आलं, आणि पाण्यात उभा राहून हसत तिच्याकडे वळलेला तो चेहरा. आपण हाक मारली की माणूस थांबतो. थांबला की पाणी येतं. आज ते नाव घेतलं आणि तिकडे पोरीचं काही झालं, तर? ज्या नावानं एक नेला त्याच नावानं...

मग तिला आत कुठेतरी खटकन जाणवलं. आपण हाक मारली की माणूस थांबतो.

थांबायलाच हवं होतं आज.

भिंतीवर खडूची अक्षरं दमट होऊन फुगली होती. तिनं ती वाचली नाही. डोळे मिटले, पोथी संपवताना मिटते तसे, आणि खटका दाबला.

"देवजी," ती म्हणाली.

आवाज फुटला. तिनं परत म्हटलं. सव्वीस वर्षं आणि सात वर्षं घशात अडकलेलं ते तीन अक्षरांचं नाव, एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी मोठ्यानं. "देवजी. उंबरपाडा, इथं देवजी. थांबा. लखमादादा, थांबा!"

खटका सोडला.

खरखर. खरखर. भात पाखडत राहिला. गिरजेनं पेटीला कान लावला. पागोळ्या पडत होत्या, बाहेर कुणाचा तरी कुत्रा विव्हळत होता. किती वेळ गेला कोण जाणे. ती मनात म्हणत होती, गेले. अंगण ओलांडून गेले.

"हां, देवजी," लखमाचा आवाज आला, धापा टाकत. "दारातनं मागं फिरलो. बोला, बाई. बोला."

गिरजा स्टुलावर बसली. आवाज आता खडा होता. "साकव मधून तुटलाय. तुमच्या बाजूनं अख्खा दिसेल, पण पाय टाकू नका. डोली खाली ठेवा. तिला घरातच ठेवा, चुलीजवळ. डाव्या कुशीवर झोपवा. पाणी उकळत ठेवा, खूप. जोर करायला लावू नका, मी येईपर्यंत नको. मी वरच्या वाटेनं येते."

"वरच्या वाटेनं? बाई, आज? दोन तास लागतील, निसरडं हाये."

"येते."

मध्येच पेटीत खसफस झाली. मग एक बारीक आवाज, माईकच्या फार जवळ. "मावशी? तूंच ना?"

"मीच गो."

"मला साकवावं नाय नेत ना?"

"नाही नेत, बाळा. तू हाक मारलीस ना? मग."

ती उठली तेव्हा दारात बारकी उभी होती. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात तेलाची रिकामी वाटी. म्हातारी केव्हा आली होती आणि किती ऐकलं होतं, कोण जाणे.

"आत्या," गिरजा म्हणाली, "इथं बसा. ही पेटी. हा खटका दाबायचा आणि बोलायचं, सोडायचा आणि ऐकायचं. भगीरथभाऊ खिंडीत आले की जीपमधून हाक मारतील. त्यांना सांगा, साकव गेलाय, वरच्या वाटेच्या फाट्यावर या. आणि पाडा बोलला तर त्यांना धीर द्या. आधी नाव घ्यायचं, मग बोलायचं."

"घेईन की. मला काय लाज?" बारकी म्हणाली आणि स्टुलावर बसली. मग माईककडे बघत, हलक्या आवाजात, "चांगलं घेतलंस गो. तिकडं दारापर्यंत आयकू गेलं."

गिरजा मागच्या खोलीत गेली. तिनं बाळंतपणाची पिशवी उघडून बघितली. कात्री, दोरा, हातमोजे, इंजेक्शनं, सगळं मेणकापडात गुंडाळलेलं होतं. ती पुन्हा बांधली. देवघरातल्या निरंजनात दोन थेंब तेल घातलं. सकाळचा अध्याय आज अर्धाच राहिला होता. तिनं पोथीत मोरपीस ठेवून ती मिटली आणि कपाळाला लावली. नवऱ्याचं जुनं पलटणीचं घोंगडं खुंटीवर होतं. सात वर्षांत ते कुणी अंगावर घेतलं नव्हतं. तिनं ते झटकलं, डोक्यावरून घेतलं, पदर कमरेला खोचला.

मागे खरखरीतून लखमाची हाक आली, आणि बारकीचं खणखणीत उत्तर, "हां, देवजी बोलतोय! बोल रं मेल्या!"

गिरजा अनवाणी ओसरी उतरली. चिखलात चपला रुततात, म्हणून तिनं त्या दारातच ठेवल्या होत्या. गल्लीच्या टोकाला रस्ता दोन बाजूंना फुटत होता. एक खाली वहाळाकडे, एक वर, धुक्यात. ती वरच्या रस्त्याला लागली.